रत्नागिरी जिल्हा : माणसे आणि हद्दी

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. मुंबई शहराची अडीच लाखांनी, रत्नागिरीची ८१,७०८ने आणि सिंधुदुर्गाची १९,१७४ने. ही तीन नावे एका यादीत आली यात नवल काही नाही. लालबाग-परळच्या चाळींतली बिऱ्हाडे हलली आणि राजापूर-लांज्याच्या घरांना कुलपे लागली, ती पुष्कळदा एकाच कुटुंबांची. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी त्याच्यातून पालघर वेगळा काढावा लागला. रत्नागिरीची माणसे शोधायची तर नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर इथे जावे लागते.

हे पुस्तक रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकसंख्येचे आणि प्रशासकीय विभागांचे आहे. नऊ तालुक्यांची नऊ प्रकरणे आहेत. तालुक्याच्या हद्दी, महसूल मंडळे आणि सजे, ग्रामपंचायती, नगरपरिषदा, गावनिहाय लोकसंख्या अशी माहिती प्रत्येक प्रकरणात ओळीने मांडली आहे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला ती पाठ करायला उपयोगी पडेल, तालुक्याला नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला संदर्भाला आणि सरपंचाला प्रस्ताव लिहिताना. अशी कोष्टके पूर्वीही छापली गेली आहेत. ती वाचायची कशी, एवढे सांगणे हे या प्रस्तावनेचे काम. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या जिल्ह्यात लोकसंख्येचे कोष्टक आणि हद्दींचा नकाशा शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत. वेगवेगळे वाचले तर दोन्ही फसवतात.

आधी नकाशा. उत्तरेला सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी, पलीकडे रायगड. दक्षिणेला वाघोटण नदी आणि विजयदुर्गची खाडी, पलीकडे सिंधुदुर्ग. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यात कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा हे घाट, पश्चिमेला समुद्र. या चौकटीत ८,२०८ चौरस किलोमीटर जमीन आहे आणि ती आडव्या नद्यांनी कापलेली आहे. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या सगळ्या सह्याद्रीत उगवतात आणि थोड्याच अंतरात खाडी होऊन समुद्राला मिळतात. तालुक्यांच्या हद्दी ठिकठिकाणी या पाण्यावरूनच गेल्या आहेत. दाभोळ दापोली तालुक्यात, समोरचे धोपावे गुहागर तालुक्यात. मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोटीने हे अंतर काही मिनिटांचे, पण बोट नव्हती तेव्हा गाडी चिपळूणवरून फिरवून आणावी लागे. जयगड आणि तवसाळ यांचेही तेच. नकाशावर चिकटलेले दोन तालुके रस्त्याने किती लांब असतात, हे इथे आल्यावर कळते.

हद्दींचा इतिहास तसा अलीकडचा आहे. १८१८मध्ये पेशवाई संपली आणि कोकण कंपनी सरकारकडे आले. दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याचे ठाणे बाणकोटला होते. ते १८२२मध्ये रत्नागिरीला आले. बाणकोट आज मंडणगड तालुक्यातले एक गाव आहे, आणि मंडणगड हा जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा तालुका. १८३०मध्ये बाणकोटच्या उत्तरेचा मुलूख ठाण्याला जोडून रत्नागिरीला दुय्यम दर्जा दिला गेला. दोनच वर्षांनी तो पुन्हा पूर्ण जिल्हा झाला. स्वातंत्र्यानंतर सावंतवाडी संस्थान विलीन होऊन रत्नागिरीत आले आणि जिल्हा दक्षिणेला आणखी पसरला. मंडणगडच्या माणसाला कलेक्टर कचेरी जेवढी लांब, तेवढीच ती सावंतवाडीच्या माणसालाही लांब पडू लागली. अखेर १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडचे तालुके वेगळे काढून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यात आला.

ती तारीख कोष्टक वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. १९८१ची जनगणना १ मार्चला झाली आणि जिल्हा दोन महिन्यांनी फुटला. १९७१च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास दिसते आणि १९९१मध्ये १५,४४,०५७. हे दोन आकडे शेजारी ठेवून वीस वर्षांत साडेचार लाख माणसे गेली असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. तो निष्कर्ष चुकीचा, कारण पहिला आकडा जुन्या मोठ्या जिल्ह्याचा आहे आणि दुसरा आजच्या जिल्ह्याचा. मागच्या आकड्यांशी तुलना करायची तर तालुका धरून करावी.

आता माणसे. २०११मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. तालुकावार पाहिले तर रत्नागिरी ३,१९,४४९, चिपळूण २,७९,१२२, संगमेश्वर १,९८,३४३, खेड १,८१,६१५, दापोली १,७८,३४०, राजापूर १,६५,८८२, गुहागर १,२३,२०९, लांजा १,०६,९८६ आणि मंडणगड ६२,१२३. म्हणजे एकट्या रत्नागिरी तालुक्यात मंडणगडच्या पाचपट माणसे. रत्नागिरी आणि चिपळूण मिळून जिल्ह्याची तिसऱ्या हिश्शाहून अधिक वस्ती होते. जिल्हा रुग्णालय, न्यायालये, महाविद्यालये, मिरकरवाड्याचे मासळी बंदर हे सगळे रत्नागिरीत. महामार्ग, बाजारपेठ आणि घाटाचा रस्ता चिपळुणात. उरलेल्या तालुक्यांतून पोरे आधी या दोन गावांत शिकायला येतात आणि इथून पुढे निघून जातात.

शहरी लोकसंख्या सुमारे १६ टक्के. राज्यात हे प्रमाण तेव्हा ४५ टक्के होते. रत्नागिरी शहर सुमारे ७६ हजारांचे, चिपळूण ५५ हजारांचे. राजापूरला नगरपरिषद आहे, पण वस्ती दहा हजारांच्याही आत. तालुक्याचे नाव संगमेश्वर असले तरी तहसील कचेरी आणि नगरपंचायत देवरुखला. खुद्द संगमेश्वरचा कारभार ग्रामपंचायतीकडे. अशी नावांची आणि ठाण्यांची फारकत नवख्या माणसाला गोंधळात पाडते, म्हणून पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला कुठली कचेरी कुठल्या गावी, हे आधी दिले आहे.

जिल्ह्यात दीड हजारांहून अधिक महसुली गावे आहेत आणि सरासरी गाव हजाराच्याही आतले. पण रत्नागिरीत माणूस गावात राहतो असे म्हणणे ढोबळ झाले. तो वाडीत राहतो. देशावरचे गाव गावठाणात एकवटलेले असते, सभोवार शेते. इथे गाव म्हणजे डोंगरउतारावर, वहाळाच्या दोन्ही अंगांना, सड्याच्या कडेला विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. वरची वाडी, खालची वाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, भंडारवाडी, गवळीवाडी, कुणबीवाडी, मोहल्ला. नावांवरूनच कोण कुठे राहते ते कळते. एका वाडीतून दुसरीत जायला पाखाडी उतरायची, साकव ओलांडायचा आणि पलीकडची चढण चढायची. पावसाळ्यात साकवावरून पाणी गेले की एकाच गावाचे दोन तुकडे होतात. सरकारची उतरंड मात्र गावापाशी थांबते. जिल्हा, उपविभाग म्हणजे प्रांत, तालुका, मंडळ, तलाठ्याचा सजा, गाव. त्याखाली काही नाही. तलाठ्याचा हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी असा झाला आहे, पण वाडीला दप्तरात स्वतंत्र जागा अजून नाही. तीस उंबऱ्यांच्या वाडीला रस्ता हवा, नळपाणी हवे, तर तिची लोकसंख्या कोष्टकात कुठेच सापडत नाही, ती गावात मिसळलेली असते.

माणसे बाहेर का गेली याची कारणे जमिनीत आहेत. कातळाचा सडा, वरकस जमीन, चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडे. त्यावर खोतीचा कारभार. कुळाने पिकवायचे आणि खोताला द्यायचे, अशी ही पद्धत. मंडणगड तालुक्यातले आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात खोती कायद्याने गेली ती १९४९च्या अधिनियमाने. तोवर रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, फौजेत आणि पोलिसांत पिढ्यानपिढ्या भरती होत आला होता. १८८०च्या गॅझेटियरनेही या जाण्यायेण्याची नोंद केली आहे. गिरणगावात जन्मजिल्हा विचारला की रत्नागिरी हेच उत्तर सर्वांत जास्त ऐकू येई. गड्याने मुंबईत राबायचे, बाईने गावी शेती, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळायची आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डरची वाट पाहायची.

या व्यवस्थेची खूण लिंगगुणोत्तरात उमटली. २०११मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. मुंबई शहरात त्याच वर्षी ८३२. एका बाजूची तूट ती दुसऱ्या बाजूची शिल्लक. या आकड्याचे कौतुक करणारी भाषणे अजून होतात, की कोकणात मुलींना मान आहे म्हणून बायका जास्त. मुलींना मान असेलही, पण हा आकडा त्याची साक्ष देत नाही. पुरुष घरी नाहीत, एवढेच तो सांगतो.

आणि आता तोही बदलतो आहे. २००१मध्ये जिल्ह्यात ७,९४,४९८ पुरुष आणि ९,०२,२७९ स्त्रिया होत्या. २०११मध्ये ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया. म्हणजे दहा वर्षांत पुरुष ३३,३७७ने कमी झाले आणि स्त्रिया ४८,३३१ने. पूर्वी एकटा गडी जात असे. आता बायकोमुलांसकट बिऱ्हाड जाते. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. चाळीतली दहा बाय बाराची खोली विकून उपनगरापलीकडे दोन खोल्या घेता आल्या आणि गावी ठेवलेली बायको तिथे नेता आली. घटलेल्या ८१ हजारांचा अर्थ मी असा लावतो. गावात मागे उरलेल्या माणसांत म्हातारी जास्त, आणि मनीऑर्डरीवर चालणारे घर आता कुलूप लावून चालते.

असे एक घर जवळून पाहावे. पडवीत पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडे, ओटीच्या भिंतीवर गेल्या गणपतीच्या मखराचे खिळे, माजघराला कुलूप. किल्ली शेजारच्या वाडीतल्या चुलतीकडे. वीजबिल नावावर आहे, घरपट्टी भरलेली आहे, सातबाऱ्यावर पंधरावीस हिस्सेदारांची नावे आहेत आणि त्यातले बरेचसे ठाण्या-मुंबईकडे. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक मुंबई मंडळ मुंबईत घेते, निर्णय तिथे होतो, पावती तिथे फाडली जाते. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हे घर जिवंत आहे. जनगणनेच्या दृष्टीने ते रिकामे.

जनगणना माणूस कसा मोजते, हेही यासाठी समजून घ्यायला हवे. २०११मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघर फिरले आणि १ मार्चची मध्यरात्र हा हिशेबाचा क्षण धरला गेला. त्या वीस दिवसांत जो घरी आलाच नाही, त्याची नोंद तिथे होत नाही. होळी होती १९ मार्चला. म्हणजे मोजणी संपली आणि मग पालख्यांसाठी चाकरमानी येऊ लागले. मे महिन्यात आंब्याला आणि सुट्टीला येतात, भाद्रपदात गणपतीला येतात; फेब्रुवारीत कोणी येत नाही. गाव जेव्हा सर्वांत रिकामे असते तेव्हा सरकार ते मोजते. दुसरीकडे, आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी गडी फेब्रुवारीत नेमका बागेतच असतो. बागेचा मालक मोजणीतून सुटतो आणि राखणदार मोजला जातो. जनगणनेची पद्धत यात चुकीची नाही. माणूस जिथे राहतो तिथेच त्याची नोंद व्हायला हवी, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण गावाला लागणारे पाणी, रस्ते, एस.टी., दवाखाना यांचा अंदाज केवळ या आकड्यावरून बांधायचा ठरवला, तर गणपतीतल्या दहा दिवसांत तो अंदाज कोलमडतो, आणि दरवर्षी कोलमडतोच.

आकड्यांचे परिणाम कागदावर राहत नाहीत. मतदारसंघ घ्या. जिल्ह्यात पूर्वी विधानसभेच्या सात जागा होत्या. २००८च्या पुनर्रचनेनंतर दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या पाच उरल्या. खेड आणि संगमेश्वर या जागा गेल्या. खेड तालुका दापोली आणि गुहागर मतदारसंघांत विभागला गेला, संगमेश्वरचे तुकडे शेजारच्या मतदारसंघांना जोडले गेले. ही पुनर्रचना २००१च्या आकड्यांवर झाली, आणि तेव्हा तर रत्नागिरीची लोकसंख्या वाढत होती! दहा वर्षांत ती सुमारे १० टक्क्यांनी वाढली होती, पण राज्य २२ टक्क्यांहून अधिक वाढले. जागा मिळतात त्या वाट्यावर, आणि वाटा घसरला होता. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणारा राजापूर मतदारसंघ त्याच वेळी नाहीसा झाला. आता जिल्ह्याचे तीन विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेत आहेत आणि दापोली, गुहागर रायगडमध्ये. उत्तर रत्नागिरीच्या माणसाचा जिल्हाधिकारी रत्नागिरीत बसतो आणि खासदार रायगडचा म्हणून ओळखला जातो.

खालच्या पायरीवरही तेच. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते. दीड हजारांपर्यंत सात, त्यापुढे वाढत वाढत कमाल सतरा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट मुलखात ३० हजारांमागे एक आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक असा आहे. डोंगरात अंतर जास्त म्हणून ती सवलत. ती सवलतही माणसे मोजूनच मिळते, चढण मोजून मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरत विसाच्या खाली गेला, की शाळा चालू ठेवायची की शेजारच्या गावात विलीन करायची हा प्रश्न उभा राहतो. मधल्या वहाळाचा विचार त्या हिशेबात येत नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवू नये. माणसे कमी आहेत म्हणून जिल्हा मागास आहे, असे हे कोष्टक सांगत नाही. २०११मध्ये इथली साक्षरता ८२ टक्क्यांवर, राज्याच्या सरासरीच्या जवळपास होती. १९७२पासून दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, १९९८पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे, लोट्याला रासायनिक कारखाने आहेत, हापूसला भौगोलिक मानांकन आहे. घनता चौरस किलोमीटरला १९७. गर्दीने गुदमरलेल्या राज्यात ही मोकळी जागा ओझे न मानता भांडवल मानता येते. पण मोकळ्या जागेकडे बाहेरचा गुंतवणूकदार आणि गावचा माणूस एकाच नजरेने पाहत नाहीत, आणि जमिनीचे हिस्सेदार मुंबईला असले की ती विकणे सोपे जाते.

पुस्तक वापरताना चार गोष्टी पाळाव्यात. तालुक्यांची तुलना करताना लोकसंख्येबरोबर क्षेत्रफळ आणि रस्त्याचे अंतर पाहावे. १ मे १९८१पूर्वीचा कोणताही जिल्ह्याचा आकडा आजच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. लिंगगुणोत्तराचा अर्थ स्थलांतर बाजूला ठेवून लावू नये. आणि गावाचा आकडा वाडीला लावू नये. त्यासाठी ग्रामपंचायतीचे दप्तर पाहावे, तेही नसेल तर स्वतः वाडीत जावे.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे आणि त्या वर्षीही शिमगा त्यानंतर तीन आठवड्यांनी येतो. विधानसभेच्या जागांचे फेरवाटप घटनेने २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवून ठेवले होते, तेव्हा त्या आकड्यांचे वजन मोठे असणार. मुंबईकराने तिथे राहत असताना गावी नाव लावण्याचा खटाटोप करू नये. त्यातून गावाचे भले होत नाही, फक्त आकडा खोटा होतो. त्याऐवजी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वाड्यांची स्वतःची यादी करावी. कोणत्या वाडीत किती उंबरे, किती घरांत चूल पेटते, किती घरे कुलूपबंद, बाहेरगावी किती माणसे आणि कुठे, गणपतीत वाडीत माणसे किती होतात. वहीची चार पाने आणि गावातली दोन शिकलेली पोरे, एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि तालुक्याला पाठवावी. या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत अशा याद्या छापायच्या आहेत. वाचकांनी आपापल्या वाडीपासून सुरुवात करावी, ही विनंती.